बारा बाजूंचा दाणा

नवी भाडेकरीण डाळिंबं विकत घेते पण खात नाही, हे कौसल्याबाईंच्या ध्यानात आलं आणि तिथून त्यांच्या जिवाला घोर लागला.

बाईंची बाग इंदापूरच्या बाहेर, निमगावच्या रस्त्याला. यजमान मानसिंगराव गेले तेव्हा भाऊबंदांनी सांगितलं होतं की एकट्या बाईमाणसाला डाळिंब झेपायचं नाही, ऊस लावून मोकळ्या व्हा, पुढचं कारखाना बघतो. बाईंनी मान हलवली आणि डाळिंबच ठेवलं. तेल्या रोगानं आजूबाजूच्या बागा बसल्या, त्यांचीही निम्मी बसली, पण विहिरीच्या अंगाला एक झाड तसंच उभं राहिलं. त्याला फळ लागलं ते वेगळंच. साल पातळ, पण तडकत नव्हती. फोडलं की आत दाणे असे गच्च आणि सारखे, जणू कुणी हातानं रचून ठेवलेत. रंग काळपट लाल, बी दाताखाली कळायची नाही. बाईंनी त्या झाडाच्या फांद्यांची साल सोलून गुटी बांधली, मुळं फुटल्यावर ती कलमं उतरवली, आणि असं करत त्या एका झाडाची अख्खी ओळ उभी केली.

शेतीखात्यातले एक निवृत्त साहेब बारामतीहून बाग बघायला आले, तेव्हा त्या ओळीपाशीच थबकले. म्हणाले, हे वाण तुमचं स्वतःचं आहे, ह्याची नोंदणी करून घ्या. अर्ज दिल्लीला गेला. साहेबांनी जाताना बजावलं की नोंदणी होईतोवर ह्या ओळीतली कलमाची काडी कुणाला द्यायची नाही. एकदा काडी बाहेर गेली की कुणाचं वाण आणि कुणाचं काय. बाईंनी ते पदराला गाठ मारून ठेवलं. त्या दिवसापासून बांधावरनं जाणारा प्रत्येक माणूस त्यांना काडीचोर दिसायला लागला. खतवाला आला तरी त्याला त्या ओळीच्या उलट्या बाजूनं फिरवून आणायच्या.

भरवसा होता तो एका रणजितवर. रणजित दिराचा मुलगा, शेजारच्याच रानात राहायला. अर्जाची धावपळ त्यानंच केली, फोटो त्यानंच काढले. फळ किती रुंद, दाणा किती लांब, किती जाड, हे सगळं अर्जात भरायचं असतं हे बाईंना त्याच्याकडूनच कळलं होतं.

घराला लागून पत्र्याचं एक उंच शेड होतं. पूर्वी माल तिथंच निवडून क्रेटात भरायचे. आता व्यापारी बागेतनंच माल उचलायचा, म्हणून शेड रिकामं पडलेलं. त्याला जोडून एक खोली. ती भाड्यानं द्यायची ठरल्यावर एक मुलगी आली. इंदापूरच्या कॉलेजात गणित शिकवत होती. तेजश्री नाव सांगितलं, मग अहिवळे आडनाव सांगितलं, आणि ते सांगताना बाईंच्या तोंडाकडं जरा बघून घेतलं. बाईंनी चेहरा होता तसा ठेवला. मुलगी नोकरदार होती, बोलायला नीट होती, बारामतीची होती. नाही म्हणायला कारण नव्हतं. पण तिनं पाण्याचं विचारलं नाही, लाइटचं विचारलं नाही. तिनं विचारलं, शेडची उंची किती आहे आणि आढ्याच्या लोखंडाला वजन टांगलं तर चालेल का.

हे असलं कुणी विचारतं का, असं बाईंना तेव्हाच वाटलं होतं. तरी चावी दिली.

मग डाळिंबं सुरू झाली. तेजश्री यायची, त्या विहिरीकडच्या ओळीतलीच फळं मागायची, आणि पिशवी घेऊन खोलीत जायची. एकदा बाई वाळवण गोळा करायला मागं गेल्या तेव्हा खिडकीतनं त्यांना दिसलं. मुलगी टेबलाशी बसली होती. फळ बेतानं सोललेलं, दाणे एकेक करून पांढऱ्या कागदावर मांडलेले. एक दाणा चिमट्यात धरून ती भिंगातनं बघत होती, मग मापाच्या पट्टीत धरून काहीतरी टिपत होती, मग त्याचा फोटो काढत होती. एकही दाणा तोंडात गेला नाही.

बाईंनी दुसऱ्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं की फळं गोड हायत का. ती हसली आणि म्हणाली, "काकू, मी आकार बघतेय. असे सारखे बसलेले दाणे मी कुठंच पाहिले नव्हते."

बाईंनी हे रणजितला सांगितलं. तो विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसला होता. हातातला पाना तसाच ठेवून तो म्हणाला की काकी, आकारच तर बघत्यात कंपनीवाले. आपल्या अर्जात दाण्याचं माप हाय, आपली नोंदणी व्हायच्या आधी दुसऱ्यानं तेच माप भरून अर्ज टाकला तर आपण बसलो बोंबलत. शिकलेल्या पोरीला इंदापुरात खोल्या कमी हायत का, रानात कशाला येऊन राहती? बाईंना हे अगदी पटलं. आपल्याच मनातलं कुणी बोललं की ते पटतंच.

आठवडा गेला असेल. पाणी धरायला म्हणून बाई ओळीत गेल्या आणि मधल्या दोन झाडांपाशी त्यांचे पाय थांबले. आतल्या बाजूच्या, सहज नजरेला न पडणाऱ्या फांद्या कापलेल्या होत्या. तोडलेल्या नव्हत्या, कापलेल्या. तिरपा, स्वच्छ काप, धारदार कात्रीचा. काप सुकलेला होता पण जुना नव्हता. खाली एक पानसुद्धा पडलेलं नव्हतं. म्हणजे काड्या नेणाऱ्यानं पाचोळासुद्धा उचलून नेला होता. बाई त्या झाडाला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. पोटच्या पोराच्या अंगावर कुणी हात टाकावा तसं वाटलं त्यांना.

दुपारी तेजश्री कॉलेजात असताना बाईंनी दुसरी चावी काढली.

खोली नेहमीसारखीच होती. पुस्तकं, गॅस, खुंटीवर ओढण्या, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. शेडचं मधलं दार लोटलं तेव्हा मात्र त्या उंबऱ्यातच थांबल्या. आढ्यापासून दोऱ्यांनी कसल्या कसल्या वस्तू टांगलेल्या होत्या. कागदाच्या, काड्यांच्या, तारेच्या. कशाला वीस तोंडं, कशाला टोकं फुटलेली चांदणीसारखी, एकाला तर मधोमध भोक आणि तरी त्याच्या सगळ्या बाजू एकमेकींना चिकटलेल्या. वारा नव्हता तरी त्या हळूहळू फिरत होत्या. मधोमध जमिनीवर लोखंडी गजांचा एक सांगाडा उभा होता, माणूस आत उभा राहील एवढा. बाहेरून एक आकार, त्याच्या आत गजांची अशी गुंतागुंत की नजर एका गजावरनं निघाली की दुसऱ्यावर जाऊन हरवायची. टेबलावर एका डब्यात मातीच्या गोळ्या दाबून बसवलेल्या. दाबून दाबून त्यांच्या गोलाईच्या सपाट बाजू झाल्या होत्या. शेजारच्या ताटलीत बाईंच्या डाळिंबाचे दाणे. आणि फळ्यावर इंग्रजीत काहीतरी मोठ्या अक्षरात.

बाईंना आधी देवऋष्याची आठवण झाली, आणि लगेच स्वतःचाच राग आला. असल्या गोष्टींवर त्यांनी उभ्या जन्मात विश्वास ठेवला नव्हता. पण मग हे काय होतं? त्यांनी फोन काढून फळ्याचा फोटो घेतला. वळताना खांदा एका टांगलेल्या आकाराला लागला, तो गरकन फिरला. त्यांनी हातानं धरून तो थांबवला आणि दार लावून बाहेर आल्या.

रणजितनं फोटो मोठा करून वाचला. 'ट्वेंटी-फोर सेल' असं लिहिलं होतं. तो बाईंकडं बघत म्हणाला, "सेल म्हंजी पेशी, काकी. टिश्यू कल्चर. एका पेशीपासनं लाखानं रोपं करत्यात हे लोक. आता सांगा मला, गणिताच्या बाईला पेशी कशाला लागतीय?"

आता शंकेला जागाच उरली नाही. पोलिसात जावं, की साहेबांना फोन करावा, की सरळ खोली रिकामी करून घ्यावी, असं सगळं बाईंच्या डोक्यात फिरलं. रणजित म्हणाला, आज सांजच्यालाच हाकलू. बाई म्हणाल्या, थांब. हाकलली तर काड्या कुठं गेल्या ते कधीच कळायचं नाही. दर रविवारी ही पोरगी बारामतीला जाते, हातात काहीतरी घेऊन जाते, ते कुठं जातं हे आधी बघायचं. रणजितला हे फारसं रुचलं नाही. त्यानं दोनदा सांगितलं की काकी, तुमी कशाला, मी बघतो. पण बाईंच्या मनानं घेतलं ते घेतलं.

रविवारी सकाळी इंदापूरच्या स्टँडवर बारामतीची गाडी लागली. तेजश्री पुढच्या दारापाशी बसली. मांडीवर एक मोठं खोकं, दोन्ही हातांनी सावरून धरलेलं, आत जणू काही जिवंत असावं तसं. बाई शेवटच्या बाकावर बसल्या, पदर कपाळापर्यंत ओढून. निमगाव गेलं, उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत चालली, आणि प्रत्येक खड्ड्याला ती मुलगी खोकं वर उचलून धरत होती. बाई मनात म्हणाल्या, सांभाळ, सांभाळ. माझंच हाय ते.

बारामतीत उतरून तेजश्रीनं रिक्षा केली. बाईंनी मागची केली. एका वळणावर नर्सरीचा हिरवा फलक दिसला आणि बाई रिक्षात पुढं सरकून बसल्या. हिरव्या जाळीखाली रोपांच्या पिशव्या रांगेनं मांडलेल्या. पुढची रिक्षा तिथंच थांबली. तेजश्री खोकं घेऊन उतरली, नर्सरीच्या फाटकापाशी गेली, आणि आत न वळता फाटकाच्या पुढच्या बैठ्या घरात शिरली.

बाई क्षणभर गोंधळल्या. मग तरातरा चालत त्या घराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत खुर्चीत एक म्हातारा माणूस बसला होता, पांढरा सदरा, ताठ पाठ. त्यानं मान वळवली ती दाराकडं नाही, दाराच्या जरा बाजूला.

"तेजू, दारात कुणीतरी हाय," तो म्हणाला. "चालत आल्यात. दमल्यात."

तेजश्री आतनं पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि बाईंना बघून जागच्या जागी थांबली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग ते गेलं. बाईंना वाटलं होतं ती घाबरेल. ती घाबरली नाही. उलट ज्याची वाट होती तेच झाल्यासारखी दिसली.

"खोकं उघड," बाई म्हणाल्या. "माझ्या बागंतलं काय आणलंयस ते मला बघायचंय."

तेजश्रीनं खोकं जमिनीवर ठेवलं आणि उघडलं. आत काडी नव्हती, रोप नव्हतं. वर्तमानपत्राच्या बोळ्यांत बसवलेला तारेचा एक आकार होता, कलिंगडाएवढा, शेडमधल्या सांगाड्याचं पिल्लू म्हणावं तसा. आणि एका डब्यात डाळिंबाचे दाणे.

तिनं आकार उचलून वडिलांच्या हातात दिला. बाईंना कुणी काही समजावून सांगायच्या आधीच त्या हातांनी सांगितलं. बोटं एका टोकापासून निघाली, तारेवरनं सरकली, कोपऱ्यावर थांबली, तिथं किती तारा मिळतात ते चाचपलं, पुढं गेली. म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते पण त्यांचा ह्या कामाशी संबंध नव्हता. त्याच्या तोंडावर जी एकाग्रता होती ती बाईंनी फक्त कलम बांधणाऱ्या माणसाच्या तोंडावर बघितली होती.

बुद्धघोष अहिवळे हे तंत्रशाळेत चित्रकामाचे शिक्षक होते. झाडाफुलांचं चित्रकाम नव्हे, यंत्राच्या भागांचं. वस्तू वरनं कशी दिसते, समोरनं कशी, बाजूनं कशी, ते तीन कागदांवर काढायचं आणि त्या तीन चित्रांवरनं न बघितलेली वस्तू मनात उभी करायची, हे त्यांनी पोरांच्या पिढ्या शिकवल्या. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा ते पुष्कळ दिवस खोलीबाहेर आले नाहीत. मुलीनं त्यांना बाहेर काढलं ते आकारांनी. आधी साधे, ठोकळे नि मनोरे, मग तऱ्हेवाईक, कुणी नाव न ऐकलेले. ते हातानं ओळखायचे, चूक काढायचे, भांडायचे. हे सगळं तेजश्रीनं थोडक्यात सांगितलं, उभ्याउभ्या, बाईंना बसा न म्हणता.

बसा म्हणाले ते बुद्धघोषच. मग त्यांनी डब्यातला एक दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि बाईंच्या दिशेला धरला.

"बाई, हे तुमच्याच बागंतलं ना? मग मला सांगा, दाण्याला बाजू कशानं येत्यात?"

बाई इकडं भांडायला आल्या होत्या. पण असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, "जागंसाठी. आत दाणं वाढत्यात, साल वाढू देत न्हाय. मग एकमेकाला रेटत्यात. रेटून रेटून चपटं होत्यात."

"व्हय. आणि सगळी एकसारखी गोल असली, एकसारखी रेटली, तर प्रत्येकाच्या भोवती शेजारी किती बसत्यात? बारा. म्हणून बारा बाजू. बारा शंकरपाळ्या चिकटवल्या असं समजा. तुमच्या डाळिंबातला दाणा त्याच्या जवळ जातोय, म्हणून ही तुमच्या मागं लागली. पण ह्या आकारात एक खोट हाय. हात द्या."

त्यांनी बाईंचं बोट तारेच्या आकाराच्या बाहेरच्या कोपऱ्यावर ठेवलं. एका कोपऱ्यापाशी तीन शंकरपाळ्या मिळत होत्या. शेजारच्या कोपऱ्यापाशी चार. पुन्हा तीन. बाईंनी डोळ्यांनी बघितलं असतं तर हे त्यांना कधी कळलं नसतं.

"कोपरे दोन जातींचे," बुद्धघोष म्हणाले. "म्हणजे पूर्ण सारखा न्हाय. जवळ येतो आणि राहतो. ही म्हणते, आपल्याला लांबी, रुंदी, उंची अशा तीनच दिशा माहीत हायत. आणखी एक चौथी असती, तर तिथं ह्याचा एक थोरला भाऊ हाय. त्याचे सगळे कोपरे सारखे, सगळ्या बाजू सारख्या, चोवीस खोल्यांचा. आणि त्या भावाची सावली आपल्यात पडली तर ती अशी पडते. हे तुमच्या हातात हाय ते ती सावली."

"ट्वेंटी-फोर सेल," बाई हळूच म्हणाल्या.

तेजश्रीनं चमकून वर बघितलं.

बाईंना बरंच काही कळलं नाही. चौथी दिशा म्हणजे कुठली, हे त्यांनी खोलीच्या चारी कोपऱ्यांकडं बघून शोधलंसुद्धा. पण सेलचा अर्थ इथं खोली आणि खोल्यांची वस्तू आपण पेशी समजून बसलो, एवढं लख्ख कळलं. त्यांनी विचारलं की असली वस्तू कुणी बघितलीय का. बुद्धघोषांनी मान हलवली. कुणी बघितलेली नाही, बघता येणारही नाही, फक्त सावल्या मिळतात, ते म्हणाले. मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "पहिल्यांदा हिनं हे सांगितलं तेव्हा मला लई बरं वाटलं. एका तरी गोष्टीत डोळ्यावाल्यांचं आणि माझं सारखंच."

रस्त्यावरनं भाजीवाला ओरडत गेला.

तेजश्री बाईंना सोडायला फाटकापर्यंत आली. तिथं ती थांबली. म्हणाली, "काकू, तुम्ही माझ्या खोलीत आला होतात. मला त्याच दिवशी कळलं. टांगलेल्या एका तुकड्याचं तोंड उलट्या बाजूला झालं होतं."

बाईंनी मग ओळीतल्या कापून नेलेल्या काड्यांचं आणि आपल्या संशयाचं सगळं सांगून टाकलं.

"तुमची काडी गेली हे मला माहीतच नव्हतं," ती पुढं म्हणाली. "मला वाटलं, आडनावामुळं बघत असाल. खोलीत काय पूजते, काय खाते. याआधी एका घरमालकिणीनं असंच केलं होतं. तेव्हापासून मीही बघत होते तुमच्याकडं. तुम्ही कधी चावी फिरवता, कधी खिडकीशी येता."

म्हणजे एकाच भिंतीच्या दोन्ही अंगांना दोघी एकमेकींवर पाळत ठेवून होत्या. बाईंना म्हणायचं होतं की आडनावाचा काही संबंध नव्हता. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच थांबले. कारण हीच मुलगी पाहुण्यातली, जातीतली असती, तर त्यांनी खिडकीतनं बघितलं असतं का सरळ आत जाऊन विचारलं असतं, हे त्यांना स्वतःलाच सांगता येईना.

"संबंध नव्हता असं म्हणवत न्हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "होता असंबी वाटत न्हाय. चावी मात्र फिरवली. ती चूक झाली माझी."

तेजश्रीनं मान हलवली. माफ केलं असं तिनं म्हटलं नाही, आणि बाईंनी ते मागितलंही नाही.

परतीच्या गाडीत बाईंना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. एक चोर खोटा ठरला होता, पण काप तसेच होते. तो तिरपा, स्वच्छ काप. पाचोळासुद्धा उचलणारा हात. कुठल्या फांद्या नजरेआड आहेत हे ज्याला ठाऊक, बागेतलं कुत्रं ज्याच्यावर भुंकत नाही, तो. मन त्या नावाशी जायचं आणि परत फिरायचं. बाई मनाला दटावत होत्या की आत्ताच एकीवर आळ घेऊन तोंडावर पडलीस, लगेच दुसऱ्यावर घेऊ नकोस. पण शंका ही काही दटावल्यानं बसणारी वस्तू नव्हे. आणि कंडक्टरनं पिंपळीचं नाव घेतलं तेव्हा त्या उठल्या. पिंपळी रणजितची सासुरवाडी.

रणजितचे सासरे तात्याबा अंगणातच बसले होते. विहीणबाई आल्या म्हणून त्यांची धांदल उडाली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग तात्याबाच म्हणाले की आलाच हायसा तर परड्यात चला, तुमचं लेकरू कसं रुजलंय ते बघा. परड्यात हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्या होत्या. प्रत्येकीत एक काडी, आणि बहुतेक काड्यांना कोवळी तांबूस पालवी.

"जावयानं दिल्यात," तात्याबा कौतुकानं म्हणाले. "काकींच्या बागंतलं वाण हाय म्हणला. तुमी द्या म्हणालात म्हणं. लई उपकार झालं बगा."

बाई त्या पालवीकडं बघत राहिल्या. म्हाताऱ्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की हे त्यांनी दिलंय. खोटं पाडावं तर जावयाची अब्रू त्याच्याच सासऱ्यासमोर जाणार, आणि रणजितची बायको बिचारी दोन्हीकडनं मरणार.

"व्हय," बाई म्हणाल्या. "पण तात्याबा, अजून नोंदणी व्हायचीय. ह्यातली एक काडी परड्याबाहेर गेली तर माझं सगळं गेलं असं समजा. आणि जावयानं आणखी आणल्या तर मला कळवा."

तात्याबांनी त्यांच्याकडं जरा निरखून बघितलं. मग त्यांच्या काय ध्यानात यायचं ते आलं असावं. त्यांनी हात जोडले आणि पुढं काही विचारलं नाही.

रणजितनं नाकारलं नाही. मुळात त्याला ती चोरी वाटलीच नव्हती. घरातलं घरात दिलं, त्यात काय झालं, असं तो म्हणत राहिला. बाईंनी विचारलं की मग त्या पोरीचं नाव कशाला पुढं केलंस. त्यावर तो पान्याशी खेळत म्हणाला की तुमीच आधी बोलला होता, काकी, मी नुसतं व्हय म्हणलं. हे ऐकून बाईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच वेळी हेही कळलं की पोरगा ह्यात अगदीच खोटं बोलत नाहीये. त्यांनी त्याच्याकडनं विहिरीकडच्या फाटकाची चावी मागून घेतली. अर्जाचं पुढचं काम बारामतीच्या साहेबांनाच करायला सांगितलं. रणजित महिनाभर आला नाही. मग यायला लागला, पण 'काकी' म्हणताना आता जरा थांबून म्हणायचा.

तेजश्रीला बाईंनी सगळं सांगितलं, पिंपळीसकट. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली की सांगितलंत ते बरं केलंत. दुसरी चावी बाईंनी तिच्या हातात ठेवली. बारामतीच्याच कॉलेजात तिला जागा मिळाली होती, उन्हाळ्यात ती जाणार होती. आधीच ठरलं होतं की आता ठरलं, हे बाईंनी विचारलं नाही.

जायच्या आधी तिनं वडिलांना शेडमधला मोठा सांगाडा दाखवायला आणलं. बुद्धघोष काठी बाहेर ठेवून आत शिरले. सांगाड्याच्या एका बाजूनं वाकून ते आतच जाऊन उभे राहिले, हात पसरून. डोक्यावरनं, पाठीमागनं, पायाशी, सगळीकडं हात फिरवत ते एक एक खोली शोधत होते, मोजताना ओठ हलत होते. एका ठिकाणी त्यांनी मुलीला सांगितलं की हा सांधा बोटभर चुकलाय, आणि ती हो म्हणाली. बाई दाराला टेकून बघत होत्या. लोखंडाच्या त्या जाळ्यात तो म्हातारा माणूस असा वावरत होता, जणू स्वतःच्या घरात आलाय.

बाहेर आल्यावर त्यांना घाम आला होता. बाईंनी खुर्ची सरकवली, पाणी दिलं. ते प्यायल्यावर त्यांनी बाईंच्या दिशेला तोंड केलं.

"काय बाई, मिटली का शंका आता?"

बाईंनी त्या सांगाड्याकडं पुन्हा एकदा नीट बघितलं. आतनं, बाहेरनं.

"तुमच्या लेकीबद्दलची मिटली," त्या म्हणाल्या. "ह्या चौथ्या दिशंबद्दलची न्हाय."

बुद्धघोष मोठ्यानं हसले.

"माझीबी न्हाय," ते म्हणाले. "म्हणून तर परत परत हात लावून बघतोय."